क्लॉक स्पीड : ३.१ गिगाहर्ट्झचा जुना डेस्कटॉप आणि १.३ गिगाहर्ट्झचा नवा लॅपटॉप

हिशेबनीस
नमस्कार मंडळी. माझ्याकडे घरी २०११ च्या सुमाराचा एक डेस्कटॉप आहे. त्यात इंटेलचा कोअर आय-५ २४०० हा प्रोसेसर असून त्याचा वेग ३.१ गिगाहर्ट्झ असल्याचे खोक्यावर छापलेले आहे. आता नवा लॅपटॉप घ्यायचा विचार आहे. अंदाजपत्रकात बसणाऱ्या बहुतेक लॅपटॉपमध्ये कोअर आय-५ १२३५-यू हा प्रोसेसर दिसतो आणि त्याच्या माहितीपत्रकात १.३ गिगाहर्ट्झ हा आकडा आहे. दुकानदाराला विचारले असता "साहेब, नवीन आहे, फास्टच असणार" यापलीकडे उत्तर मिळाले नाही.

माझा प्रश्न सरळ आहे. एवढ्या वर्षांनंतर निम्म्याहून कमी वेगाचे यंत्र मी जास्त पैसे देऊन का घ्यावे? आणि या आकड्याला काही अर्थच नसेल, तर तो छापतात तरी कशाला? माझे काम मुख्यतः मोठमोठ्या एक्सेल तक्त्यांचे आहे. साखर कारखान्याचे उसाचे वजन, उतारा आणि शेतकऱ्यांची देणी अशा नोंदींच्या हजारो ओळी असतात आणि त्यावर मॅक्रो, म्हणजे ठरावीक कामे आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम चालतात.

खटपट्या
दुकानदाराचे उत्तर बरोबर आहे, फक्त त्याला ते का बरोबर आहे हे ठाऊक नाही. नवा लॅपटॉप निःशंकपणे घ्या. कारणे सांगायला इथे विद्वान येतीलच.

मृदुला
विद्वान नाही, पण चिपच्या आराखड्यांची पडताळणी करण्याचे काम करते, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

प्रोसेसरमधील सर्व मंडले एका तालबद्ध विद्युत संकेतावर चालतात. त्या संकेताचे एक आवर्तन म्हणजे एक 'सायकल', आणि सेकंदाला अशी किती आवर्तने होतात हा आकडा म्हणजे क्लॉक स्पीड. ३.१ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३१० कोटी आवर्तने. इथपर्यंत सर्वांना माहीत असते. मात्र एका आवर्तनात नेमके किती काम होते याबद्दल हा आकडा अवाक्षरही बोलत नाही.

एक उदाहरण देते. १६ बिटांच्या दोन संख्यांचा गुणाकार करायला १९७८ च्या ८०८६ प्रोसेसरला ११८ ते १३३ आवर्तने लागत. पुढच्या ८०२८६ मध्ये तेच काम २१ आवर्तनांत होऊ लागले. म्हणजे दोन्ही चिपांना अगदी सारखेच क्लॉक दिले, तरी गुणाकाराच्या बाबतीत दुसरी पाचपटीहून अधिक वेगवान ठरते. आजच्या इंटेल प्रोसेसरमध्ये ६४ बिटांच्या गुणाकाराचे उत्तर ३ आवर्तनांत मिळते, आणि एक गुणाकार संपण्याची वाट न पाहता दर आवर्तनाला नवा गुणाकार सुरू करता येतो.

हिशेबनीस यांच्या दोन प्रोसेसरांबद्दल बोलायचे तर आय-५ २४०० हा 'सँडी ब्रिज' पिढीचा आहे आणि त्यात सुमारे १६८ सूचना एकाच वेळी 'हवेत' असू शकतात. त्यांतली जी तयार असेल ती आधी उरकली जाते. कोअर म्हणजे चिपमधील एक स्वतंत्र गणनकेंद्र. १२३५-यू मध्ये मोठे, वेगवान आणि लहान, काटकसरी असे दोन प्रकारचे कोअर आहेत. त्यांतल्या मोठ्या कोअरमध्ये ही मर्यादा ५१२ आहे, आणि दर आवर्तनाला उलगडल्या जाणाऱ्या सूचनांची संख्या चारावरून सहावर गेली आहे. प्रोग्रॅममध्ये 'असे असेल तर हे, नाही तर ते' अशी फांदी आली की पुढे कोणत्या फांदीवर जायचे याचा आधीच अंदाज बांधणारी यंत्रणाही फार सुधारली आहे. त्यामुळे आवर्तने तेवढीच असली तरी काम बरेच जास्त होते.

आगंतुक
थोडक्यात, वारीत कोण पुढे जाईल हे नुसती मिनिटाची पावले मोजून कळत नाही, ढांग केवढी पडते तेही पाहावे लागते.

खटपट्या
आणि वाटेत चहाला किती वेळ थांबतो तेही.

मृदुला
खटपट्या यांनी विनोदात खरोखरच महत्त्वाचा मुद्दा मांडला आहे. रॅमची वाट पाहण्यात जाणारा वेळ हा स्वतंत्र विषय आहे, त्यावर सवडीने लिहिते.

जुनीबॅच
हा गोंधळ नवा नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीमधील ८०८८ प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालत असे. पुढे त्याच्या नकला ८ आणि १० मेगाहर्ट्झवर निघाल्या, तेव्हा अनेक जुने खेळ इतक्या वेगाने धावू लागले की खेळणाऱ्याला बोट उचलायलाही उसंत मिळेना, कारण त्या खेळांतील कालमापन प्रोसेसरच्या गतीवरच बेतलेले होते. त्यावर उपाय म्हणून कॅबिनेटवर 'टर्बो' नावाचे बटण आले. नाव टर्बो, पण त्याचा खरा उपयोग यंत्र हळू करण्यासाठी.

नंतर खरी शर्यत लागली ती १ गिगाहर्ट्झची. मार्च २००० मध्ये इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडीने आपला ॲथलॉन प्रोसेसर घेऊन हा टप्पा आधी गाठला आणि इंटेलने दोनच दिवसांनी १ गिगाहर्ट्झचा पेंटियम-३ जाहीर केला. त्या काळात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत भाव विचारायला गेले की पहिला प्रश्न "किती मेगाहर्ट्झचा पाहिजे?" हाच असे. माणसांना एकच आकडा हवा असतो आणि विक्रेत्यांनी तो पुरवला. माझ्या मते आजच्या गैरसमजाचे मूळ त्या चार-पाच वर्षांत आहे.

त्यातूनच पेंटियम-४ जन्माला आला. नोव्हेंबर २००० मध्ये तो १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झवर बाजारात आला आणि काही कामांत १ गिगाहर्ट्झच्या पेंटियम-३ च्या मागे पडला! कारण असे की क्लॉक वाढवता यावे म्हणून प्रत्येक सूचनेचे काम २० लहान टप्प्यांत तोडले होते, आणि २००४ च्या 'प्रेस्कॉट' आवृत्तीत हे टप्पे ३१ झाले. टप्पा लहान केला की आवर्तन लहान करता येते हे खरे, पण फांदीचा अंदाज चुकला की अर्धवट झालेले सगळे टप्पे रिकामे करून पुन्हा सुरुवात करावी लागते. टप्पे जितके जास्त, तितका दंड जास्त.

एएमडीची यात अडचण झाली, कारण त्यांचा प्रोसेसर कमी क्लॉकवर तेवढेच काम करत होता, पण गिऱ्हाइकाला ते समजावणार कोण? म्हणून २००१ मध्ये त्यांनी ॲथलॉन एक्सपीच्या नावातच वेगळा आकडा घातला. '१८००+' असे नाव असलेला प्रोसेसर प्रत्यक्षात १.५३ गिगाहर्ट्झचा होता. त्याच वर्षी ॲपलनेही 'मेगाहर्ट्झचे मिथक' या विषयावर जाहीर प्रात्यक्षिक देऊन ८६७ मेगाहर्ट्झचा पॉवरपीसी (तेव्हाच्या ॲपल संगणकांतला प्रोसेसर) १.७ गिगाहर्ट्झच्या पेंटियम-४ पेक्षा सरस असल्याचे दाखवले होते. अर्थात, प्रात्यक्षिकासाठी कोणते काम निवडायचे हे त्यांच्याच हातात होते, हेही लक्षात ठेवावे.

सांगलीकर
सर्वांच्या मताचा आदर ठेवून थोडा विरोध नोंदवतो. "क्लॉकला अर्थ नाही" हे वाक्य आता इतके गुळगुळीत झाले आहे की लोक ते विचार न करताच वापरतात. एकाच पिढीचे, एकाच आराखड्याचे आणि सारख्याच कॅशचे (चिपवरच्या छोट्या पण वेगवान स्मृतीचे) दोन प्रोसेसर समोर ठेवले, तर क्लॉक हाच सर्वांत प्रामाणिक निकष ठरतो. एकाचे ४ आणि दुसऱ्याचे ४.४ गिगाहर्ट्झ असेल, तर गणन हेच मुख्य असलेल्या कामांत जवळपास दहा टक्क्यांचा फरक पडतो, आणि खेळांत तो उघड दिसतो. क्लॉक निरर्थक असते, तर कंपन्यांनी अजूनही ६ गिगाहर्ट्झच्या वर जाण्याचा आटापिटा केला नसता. २०२४ मध्ये आलेल्या कोअर आय-९ १४९००-केएस या प्रोसेसरची कमाल मर्यादा ६.२ गिगाहर्ट्झ आहे.

मृदुला
सांगलीकर यांच्याशी मी पूर्णपणे सहमत आहे, आणि माझ्या प्रतिसादाशी त्यांचे म्हणणे विसंगत नाही. कामगिरी हा गुणाकार आहे : दर सेकंदाची आवर्तने गुणिले दर आवर्तनाचे काम. दुसरी संख्या स्थिर असेल तर पहिलीने फरक पडणारच. अडचण होते ती वेगवेगळ्या आराखड्यांची तुलना करताना. २०२० मध्ये आलेला ॲपलचा एम-१ हा ३.२ गिगाहर्ट्झवर चालूनही ५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या समकालीन इंटेल प्रोसेसरांशी एका कोअरच्या कामात बरोबरी करत होता, कारण त्याच्या एका आवर्तनात बरेच जास्त काम होते.

तळटीप
दोन्ही संख्या एकदम का वाढवत नाहीत, असा प्रश्न कोणाच्या तरी मनात आला असेलच. याचे उत्तर उष्णतेत आहे.

मंडल दर आवर्तनाला चालू-बंद होताना जी शक्ती खर्च होते, ती क्लॉकच्या आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या सम प्रमाणात असते. क्लॉक वाढवायचे तर ट्रान्झिस्टर अधिक वेगाने उघड-मीट करावे लागतात आणि त्यासाठी दाबही वाढवावा लागतो. समजा, क्लॉक २० टक्क्यांनी वाढवले आणि त्यासाठी दाब १० टक्क्यांनी वाढवावा लागला, तर शक्तीचा खर्च १.२ × १.२१ म्हणजे सुमारे १.४५ पट होतो. वेगात २० टक्क्यांची भर आणि उष्णतेत ४५ टक्क्यांची. हा सौदा फार काळ परवडत नाही.

पूर्वी तो परवडत असे. रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले होते की ट्रान्झिस्टर लहान करत जाताना दाबही त्याच प्रमाणात उतरवता येतो, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर अधिक वेगाने चालवले तरी उष्णता तेवढीच राहते. सुमारे तीस वर्षे उद्योगाला हे जणू फुकट मिळत होते. २००५ च्या आसपास दाब आणखी उतरवणे अशक्य होऊ लागले, कारण तो फार कमी केला की ट्रान्झिस्टर 'बंद' असतानाही गळती होत राहते. जुनीबॅच यांनी सांगितलेल्या पेंटियम-४ ची गाडी ३.८ गिगाहर्ट्झवर अडली ती इथेच. ४ गिगाहर्ट्झची आवृत्ती इंटेलने ऑक्टोबर २००४ मध्ये रद्द केली, आणि तेव्हाचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी त्याच महिन्यात एका परिषदेत व्यासपीठावर गुडघे टेकून त्याबद्दल गमतीने माफीही मागितली होती.

आणखी एक मर्यादा सांगून थांबतो. ४ गिगाहर्ट्झला एक आवर्तन पाव नॅनोसेकंदाचे असते आणि तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम साडेसात सेंटिमीटर जातो. चिपमधील तारांतून संकेत त्याहून बराच सावकाश प्रवास करतो.

आगंतुक
माफी मागणारा प्रमुख पाहायला मिळणे हीच मोठी गोष्ट आहे. वाचनखूण साठवली आहे.

औंधकर
यातला दुसरा रस्ता म्हणजे संथ क्लॉकचे अनेक प्रोसेसर एकत्र राबवणे, आणि त्याचे ठळक उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेने क्रे कंपनीचा महासंगणक भारताला द्यायला नकार दिल्यानंतर १९८८ मध्ये गणेशखिंडीत सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था सुरू झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. त्यात इनमॉस कंपनीचे टी-८०० ट्रान्सप्युटर, म्हणजे एकमेकांना जोडता येतील असे बनवलेले प्रोसेसर होते. एकेकट्या ट्रान्सप्युटरचे क्लॉक क्रे यंत्रांच्या तुलनेत कितीतरी संथ होते, पण सुरुवातीच्या यंत्रात असे ६४ एकमेकांना जोडून काम वाटून दिलेले होते. हवामानासारख्या प्रश्नांत नकाशाचे तुकडे पाडून प्रत्येक प्रोसेसरला एकेक देता येतो, म्हणून ही युक्ती साधते.

मात्र प्रत्येक काम असे वाटता येत नाही. संगणक अभियंते जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम असा की, कामाचा ८० टक्के भाग वाटण्याजोगा असेल आणि २० टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर तुम्ही कितीही कोअर लावा, एकूण काम पाचपटीहून वेगवान होणार नाही. म्हणून "माझ्या लॅपटॉपला १० कोअर आहेत" हे वाक्य "माझा ४ गिगाहर्ट्झचा आहे" याइतकेच अपुरे आहे.

सांगलीकर
औंधकर काका, +१. कोअरची संख्या हा नव्या काळातला मेगाहर्ट्झ झाला आहे.

हिशेबनीस
सर्वांचे आभार. चर्चा माझ्या अपेक्षेपेक्षा फार खोलवर गेली, पण मला तीन गोष्टी अजून स्पष्ट झालेल्या नाहीत. माहितीपत्रकातला १.३ हा आकडा नेमका कसला आहे? माझ्या एक्सेलच्या मॅक्रोला १२३५-यू च्या १० कोअरचा फायदा होईल का? आणि मृदुला यांनी रॅमबद्दल लिहायचे आश्वासन दिले होते, ते राहिले आहे.

तळटीप
पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. १.३ गिगाहर्ट्झ हा 'बेस' वेग आहे, म्हणजे सगळ्या कोअरवर सतत भार असताना, १५ वॅटच्या ठरावीक शक्तीत राहून मोठे कोअर निदान एवढा वेग टिकवतील असे इंटेलचे म्हणणे आहे. मोठ्या कोअरचा कमाल 'टर्बो' वेग ४.४ गिगाहर्ट्झ आहे. तुमच्या जुन्या आय-५ २४०० ची मर्यादा ९५ वॅट होती, त्यामुळे त्याला ३.१ हा बेस वेग देणे सोपे होते आणि टर्बोही फक्त ३.४ पर्यंतच होता. म्हणजे १.३ आणि ३.१ यांची तुलना करताना तुम्ही खरे तर १५ वॅट आणि ९५ वॅट यांची तुलना करत आहात.

प्रत्यक्षात वापरताना लॅपटॉप क्षणोक्षणी वेग बदलतो. पान उघडले, सूत्र बदलले की काही सेकंद वर उडी मारतो आणि काम संपले की खाली येतो. दहा मिनिटे सलग भार दिला, तर किती वेग टिकेल हे लॅपटॉपच्या थंड होण्याच्या क्षमतेवर ठरते.

निळाशार
हे शेवटचे वाक्य ठळक अक्षरांत लिहायला हवे होते. माझ्याकडे आणि माझ्या बहिणीकडे एकच प्रोसेसर असलेले दोन वेगळे लॅपटॉप आहेत. माझा अतिशय पातळ आणि देखणा आहे, तिचा जाड आणि वजनदार. चित्रफितीचे रूपांतर करायला बसले की माझा पहिली दोन मिनिटे तिच्या बरोबरीने धावतो, मग तापून वेग उतरवतो आणि काम संपेपर्यंत मागेच राहतो. खरेदीच्या वेळी माहितीपत्रकांत दोन्हींचे आकडे अक्षरशः सारखे होते. मे महिन्यात नागपुरात तर फरक आणखी वाढतो.

खटपट्या
मे महिन्यात नागपुरात आम्हीसुद्धा बेस वेगावरच चालतो.

मृदुला
राहिलेले दोन मुद्दे.

एक्सेल २००७ पासून सूत्रांची पुनर्गणना अनेक कोअरवर वाटली जाते. त्यामुळे एकमेकांवर अवलंबून नसलेली हजारो सूत्रे असतील तर जास्त कोअरचा फायदा होतो. पण व्हीबीएमध्ये, म्हणजे एक्सेलच्या अंगभूत प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेले मॅक्रो एकाच धाग्यावर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर चालतात. हिशेबनीस यांच्या मॅक्रोसाठी एका मोठ्या कोअरचा वेग महत्त्वाचा आहे. तिथे ३.४ च्या जागी ४.४ गिगाहर्ट्झ मिळतील, म्हणजे सुमारे १.३ पट. त्यात दर आवर्तनाचे काम दीडपट धरले, तर एकूण सुमारे दुप्पट. लॅपटॉप अगदीच तापट नसेल तर हा अंदाज वाजवी आहे. शिवाय मॅक्रो चालू असताना बाकीचे कोअर मोकळे असल्यामुळे ब्राउझर अडकून बसणार नाही.

आता रॅम. रॅममधून एखादी गोष्ट मागवली की ती यायला साधारण ८० नॅनोसेकंद लागतात असे धरू. २ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरसाठी ही १६० आवर्तनांची प्रतीक्षा आहे आणि ४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरसाठी ३२० आवर्तनांची. घड्याळ दुप्पट वेगाने टिकटिकले तरी रॅम तेवढ्याच वेळाने उत्तर देते. समजा, एका कामाला २ गिगाहर्ट्झवर १० सेकंद लागतात आणि त्यांतले ६ सेकंद रॅमची वाट पाहण्यात जातात. क्लॉक दुप्पट केले तर गणनाचे ४ सेकंद २ वर येतील, पण ६ तसेच राहतील. एकूण ८ सेकंद. दुप्पट क्लॉकचा फायदा फक्त सव्वापट! म्हणूनच चिपवर कॅश वाढवत नेली जाते. २४०० मध्ये सामाईक कॅश ६ एमबी होती, १२३५-यू मध्ये १२ एमबी आहे.

सांगलीकर
यात एक भर घालतो. रॅमच्या दोन पट्ट्या असलेला लॅपटॉप घ्यावा, एकाच पट्टीवर भागवू नये. आणि जुन्या डेस्कटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर यंत्र सुरू होण्यातला आणि फाइल उघडण्यातला जो फरक तुम्हाला पहिल्या दिवशी जाणवेल, तो प्रोसेसरचा नसून एसएसडीचा, म्हणजे फिरते भाग नसलेल्या नव्या डिस्कचा असेल.

हिशेबनीस
आता चित्र स्वच्छ झाले. जाड बांध्याचा आणि रॅमच्या दोन पट्ट्यांचा लॅपटॉप शोधतो, आणि माझी सर्वांत मोठी मॅक्रोची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुकानातच चालवून पाहतो.

औंधकर
याहून चांगली कसोटी कोणतीही नाही. फक्त फाइल पेनड्राइव्हवरून थेट न उघडता आधी लॅपटॉपवर उतरवून घ्या, चार्जर जोडलेला ठेवा आणि मॅक्रो लागोपाठ तीन-चार वेळा चालवा. पहिल्या फेरीचा वेळ टर्बोचा असतो.

आगंतुक
एक शंका. मॅक्रो चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर दहा-बारा टक्केच दिसतो आणि तरीही माझे यंत्र रडत असते. मग उरलेले नव्वद टक्के कुठे जातात?

मृदुला
तो आकडा सगळ्या कोअरची सरासरी असतो. तुमच्या यंत्रात आठ धागे असतील आणि मॅक्रोने त्यांपैकी एकच पूर्ण व्यापला असेल, तर सरासरी साडेबारा टक्केच येणार. आलेखावर उजवी कळ दाबून प्रत्येक धाग्याचा वेगळा आलेख दाखवायला सांगा. मात्र विंडोज तेच काम कधी एका कोअरवर तर कधी दुसऱ्यावर हलवत असल्यामुळे एकच आलेख सतत भरलेला दिसेल असे नाही. शिवाय रॅमची वाट पाहण्यात गेलेली आवर्तनेही तिथे 'वापर' म्हणूनच मोजली जातात, त्यामुळे शंभर टक्के भरलेला कोअर खरोखर गणन करत आहे की नुसता खोळंबला आहे, हे त्या खिडकीतून कळत नाही. त्यासाठी प्रोसेसरमधील मोजणीयंत्रे वाचणारी इंटेलची व्हीट्यून किंवा लिनक्सवरची पर्फ ही साधने वापरावी लागतात.